बिरोबाची टक

घोंगडेवाडीच्या मधून ओढा जातो, आणि ओढ्याच्या मधून जिल्ह्याची शीव. वरच्या आळीची रानं सगळी सातारा जिल्ह्यात आणि खालच्या आळीची सांगलीत. पाणी ओढ्याला दोन्हीकडून सारखंच नसतं, पण म्हणून कुणी आपला जिल्हा सोडून दिलाय असं झालं नाही. वरच्या आळीचा माणूस चार लोकांत बोलताना ‘आमच्या साताऱ्याला’ असं म्हणून सुरुवात करतो आणि खालच्या आळीचा ‘आमच्या सांगलीत’ म्हणून त्याला तिथंच अडवतो. मूळ वाद काय होता ते मग दोघांच्याही लक्षात राहत नाही.

गावाचा देव मात्र एकच, बिरोबा. त्याचे मान वाटून दिलेले आहेत. पालखीचा पुढचा खांदा वरच्या आळीचा, दिवटी खालच्या आळीची. भंडारा आधी कुणी उधळायचा यावर तोडगा निघेना म्हणून दोन्ही आळ्या एकदमच उधळतात आणि त्या पिवळ्या धुरळ्यात देव कुणालाच दिसत नाही. एका वर्षी ढोल आधी कुणाचा, यावरून ढोलच वाजले नाहीत. ती जत्रा फार निवांत पार पडली, पण हे तोंडाने कबूल करायची गावाची तयारी नाही.

अशा गावात देवळाला नवा सभामंडप झाला आणि आवाजाची सोय करायची वेळ आली. वरच्या आळीचे पुढारी बाळासो. त्यांनी साताऱ्याहून डिजिटल अँप्लिफायर आणून देवापुढे ठेवला आणि नारळ फोडला. खालच्या आळीचे आप्पासो फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, तेही सिग्नलच्या, म्हणजे बिनतारी संदेशाच्या पलटणीतून. त्यांनी काही न बोलता सांगली गाठली आणि तसाच एक अँप्लिफायर आणला, फक्त वीतभर उंच. नारळ त्यांनी दोन फोडले.

देऊळ एक, अँप्लिफायर दोन. एकाचा आवाज यावा आणि दुसऱ्याने शोभेला बसावं हे शक्यच नव्हतं. तेव्हा दोन्ही मशिनी एकमेकींना जोडून द्यायचं काम आलं मल्हारकडे.

मल्हार हा सुलाबाईचा एकुलता एक मुलगा. त्यांचं घर दोन्ही आळ्यांच्या मधल्या उतारावर, म्हणजे ना वरचे ना खालचे. बाप मेंढरं घेऊन हिंडायचा आणि हिंडता हिंडताच एका वर्षी परत आला नाही. आईने दुसऱ्याच्या रानात राबून मल्हारला सांगलीला आयटीआय करवलं. पुढे साताऱ्याच्या एमआयडीसीत, अँप्लिफायरचे बोर्ड तपासायच्या कामावर त्याने काही वर्षं काढली आणि गावी येऊन एसटीच्या थांब्याजवळ ‘मल्हार साउंड सर्व्हिस’ उघडली. दोन्ही आळ्यांची लग्नं त्याच्याकडे. आपण कुणाच्याच बाजूचे नाही याचा त्याला फार अभिमान होता. खरं तर तो दोन्ही बाजूंना भीत होता, पण त्यालाच तटस्थ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

काम तसं सोपं होतं. माइक पहिल्या मशिनीत जायचा, तिथून आवाज एका केबलने दुसऱ्या मशिनीच्या डिजिटल इनपुटमध्ये, आणि दुसरीने तो बाहेरच्या मैदानात पोहोचवायचा. डिजिटल आवाज म्हणजे आवाजाचे बारीक बारीक तुकडे, एकामागून एक धाडलेले. कोणता तुकडा कधी सोडायचा हे सांगायला प्रत्येक मशिनीच्या पोटात एक घड्याळ असतं. घराचा स्लॅब पडताना माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात देतात ना, तसंच. देणाऱ्याच्या लयीत घेणाऱ्याने हात पुढे केला तर काम बिनबोभाट चालतं. घेणारा म्हणाला, मी माझ्याच लयीत घेणार, तर कितीही बारीक फरक असो, कधी ना कधी एक घमेलं खाली पडतंच. म्हणून दोनपैकी एका मशिनीला सांगावं लागतं, बाई, तुझं घड्याळ ठेव बाजूला आणि येतंय त्या लयीत चाल. मल्हारने हे खालच्या आळीच्या मशिनीला सांगितलं. तिने ऐकलं. आवाज असा आला की म्हातारी माणसंही दोन शब्द कौतुकाचे बोलली.

बिघडलं ते पुढे. त्या मशिनीच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटायची की ही बाहेरच्या घड्याळावर चाललीय. आप्पासोंनी चष्मा लावून ती वाचली. आपल्या मशिनीला स्वतःचं घड्याळ नाही का, असं त्यांनी विचारलं. मल्हारने घमेल्यांचं उदाहरण देऊन सगळं नीट समजावलं आणि आप्पासोंना ते पूर्ण समजलं. समजलं नसतं तर गाव वाचलं असतं. फौजेत मोहिमेवर निघायच्या आधी सगळ्यांची घड्याळं मिळवतात, आणि ती मिळवायची असतात साहेबाच्या घड्याळाशी. आप्पासोंनी उभी हयात साहेबांच्या घड्याळाशी आपलं घड्याळ मिळवण्यात घालवली होती. रिटायर होऊन गावात आल्यावर बाळासोच्या घड्याळाशी मिळवायची त्यांची इच्छा नव्हती.

मल्हारने दुसरी केबल टाकून उलटं करून दिलं. आता वरच्या आळीची मशीन खालच्या मशिनीच्या लयीत चालू लागली. बाळासोंना इंग्रजी येत नव्हतं, पण खालच्या आळीच्या लोकांनी त्यांना पडद्यावरची अक्षरं मोठ्या प्रेमाने वाचून दाखवली. बाळासोंनी मल्हारला बोलावून शांतपणे एवढंच विचारलं की पालखीचा पुढचा खांदा कुणाचा आहे. मग बैठका झाल्या. एक वर्ष तुमचं घड्याळ, एक वर्ष आमचं, असं ठरलं आणि पहिलं वर्ष कुणाचं यावर मोडलं. सकाळची आरती साताऱ्याच्या घड्याळावर आणि संध्याकाळची सांगलीच्या, हेही काही दिवस चाललं. पण अमावास्येला मधेच दुपारची पूजा असते, ती कुणाकडे जाणार?

शेवटी मल्हारने लग्नाच्या सुपाऱ्या सांभाळणाऱ्या माणसाने करावं तेच केलं. दोन्ही मशिनी आपापल्या घड्याळावर सोडून दिल्या. दोन्ही पडद्यांवर सारखीच अक्षरं आली. आप्पासो येऊन वाचून गेले, बाळासो वाचून घेऊन गेले, आणि दोघांनीही मल्हारच्या हुशारीची तारीफ केली.

तेव्हापासून टक सुरू झाली.

तंबाखूची एक चिमूट मळून दाढेखाली जाईल एवढ्या अंतराने मैदानातल्या कर्ण्यांतून ‘टक’ असा आवाज यायचा. साठत साठत आलेला फरक मशिनीला झेपायचा नाही आणि एक घमेलं पडायचं. भजनात झाली तर लोकांना ती टाळांतली वाटायची. कीर्तनकाराच्या बोलण्यात झाली तर त्यांच्या कवळीची. मल्हारला मात्र खरं काय ते माहीत होतं. मशीन नवीन हाय, हळूहळू बसंल, असं त्याने एकदोघांना सांगितलं आणि ते सांगता सांगता आपल्यालाही पटवून घेतलं.

घोंगडेवाडीत भांडणाचा निकाल देवळाच्या पायरीवर लागतो. मुठीत भंडारा घेऊन बिरोबाची आण घ्यायची, आणि तरीही संशय राहिलाच तर ज्ञानू गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावतो. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. पाकळी पडायला कधी कधी अर्धा दिवस जातो आणि ज्ञानू कोणत्या पाकळीला पाणी जास्त लावतो याबद्दल गावात मतं आहेत. आता आवाजाची सोय झाल्यावर आणही माइकवरून घ्यायची असं ठरलं, म्हणजे ओढ्यापलीकडच्यांनाही ऐकू जाईल.

पहिला नंबर लागला गुंडाचा. शेजाऱ्याचा बांध कोरल्याचा त्याच्यावर आळ होता. गुंडाने छाती पुढे काढून सांगितलं, बिरोबाची आण, बांध मी कोरला नाही. लगेच टक झाली. एवढ्या शांततेत ती कुणीच ऐकली नव्हती. गुंडाच्या मुठीतला भंडारा खाली सांडला आणि त्याने हातभर बांध कोरल्याचं तिथंच कबूल करून टाकलं.

झालं. बिरोबा बोलायला लागला. तोही डिजिटल.

पंचक्रोशीतून माणसं येऊ लागली. रविवार हा टकेचा वार ठरला. ज्ञानू गुरव आधी आपल्या पाकळ्यांच्या काळजीने चार दिवस जेवला नाही, मग त्यानेच बारकी टक आणि ठसठशीत टक यांतला फरक लोकांना समजावून द्यायला सुरुवात केली. टक झाली की माणूस खोटा, नाही झाली की खरा. जो पटकन बोलून मोकळा व्हायचा तो बहुधा खरा निघायचा. ज्याला आपली बाजू नीट मांडायची सवय असायची तो बोलता बोलता टकेत सापडायचा. त्यामुळे गावात खोटारडी माणसं किती साठलीत हे पहिल्यांदाच लोकांच्या लक्षात आलं.

आणि या देवाचा कारागीर म्हणून मल्हारला मान मिळू लागला. पंगतीत पहिलं ताट त्याच्या पुढे. बाळासो त्याला मल्हारराव म्हणू लागले. टक कशाची ते सांगावं असं त्याला दर शनिवारी वाटायचं आणि रविवारी कुणीतरी त्याला फेटा बांधायचं. भांडणं मिटतायत, कुणाचं नुकसान होत नाही, असं तो स्वतःला सांगायचा.

अर्जुनाचं झालं ते नुकसान नव्हे तर काय होतं, हे मात्र त्याने स्वतःला विचारलं नाही. अर्जुना साधा पोरगा, सुपारी सुद्धा न खाणारा. जतकडची सोयरीक ठरत आली होती. मुलीच्या बापाने टकेचं नाव ऐकलेलं, तो म्हणाला, एवढं दारूचं देवापुढे वदवून घेऊ. अर्जुनाने दारूला शिवलो नाही म्हणून आण घेतली आणि टक झाली. सोयरीक मोडली. त्यानंतर अर्जुनाने खरोखरच प्यायला सुरुवात केली, म्हणजे देवाचा शब्दही खाली पडला नाही. मल्हार त्या रविवारी मशिनीपाशीच बसला होता. त्याने मान खाली घातली, केबल गुंडाळली आणि घरी जाऊन जेवला.

मग देवाचा चांदीचा घोडा हरवला. नवसाचा, बोटभर उंचीचा. (तो पुढे पालखीच्या गादीच्या शिवणीत सापडला आणि गादी शिवणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.) देऊळ रोज पहाटे झाडायची सुलाबाई. नवरा गेल्यापासून तिने हे झाडणं धरलं होतं आणि ती गावात एकाच गोष्टीसाठी ओळखली जायची, की तिच्या हातून दुसऱ्याची काडी सुद्धा इकडची तिकडे होत नाही. तिच्याजवळ मिरवावं असं दुसरं काही नव्हतंही. पण घोडा हरवला तर झाडणारीला विचारायला नको का? रविवारी तिला पायरीवर उभं केलं.

मल्हार मशिनीजवळ होता. एव्हाना टकेची लय त्याच्या अंगात भिनली होती. आई भंडारा मुठीत घेऊन सावकाश देवाला नमस्कार करत होती, पदर सारखा करत होती, आणि टक जवळ येत चालली होती. आवाजाचं बटण त्याच्या हाताशी होतं. हात उचललाही. पण आप्पासो त्याच्याकडे बघत होते, बाळासोही बघत होते, आणि तो उचललेला हात कान खाजवून परत मांडीवर आला.

“घोडा म्या घेतला न्हाई,” सुलाबाई म्हणाली.

टक झाली. चांगली ठसठशीत.

कुणी तिला शिवी दिली नाही की हात लावला नाही. गाव सभ्य आहे. ज्ञानूने फक्त तिच्या हातातला खराटा काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती पाणवठ्यावर आली की बायका आपल्या घागरींकडे नीट लक्ष देऊ लागल्या. बाळासोंच्या घरातून निरोप आला की हळद कांडायला तूर्त येऊ नका. सुलाबाई घरी आली, चूल पेटवली, भाकरी थापली आणि मल्हारला तिने विचारलं की ही टक कशाची आहे.

मल्हारने पहिल्यांदा खरं सांगितलं. दोन घड्याळं, घमेली, सगळं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

“अर्जुनाच्या येळंलाबी ही अशीच व्हती?”

“व्हय.”

“मग तवा तुजी जीभ कुणी धरली व्हती रं?”

तिने भाकरी त्याच्या ताटात वाढली आणि तो आठवडा ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मल्हारला हे फार लागलं. आता काही झालं तरी आईचं नाव धुऊन काढायचं असं त्याने ठरवलं. गावातल्या इतरांच्या नावांचं काय करायचं, ते तेव्हाही त्याने ठरवलं नव्हतं.

पुढच्या रविवारी भरल्या मंडपात तो उभा राहिला आणि त्याने सांगितलं की टक देवाची नाही, मशिनीची आहे. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. आईसाठी मुलगा असं बोलणारच, त्यात वाईट काही नाही, असं एकजण म्हणाला आणि पुष्कळांनी मान डोलावली. आप्पासोंनी मुद्द्याचं विचारलं की असं होतं तर वर्षभर गप्प का बसला. तुमच्या दोघांच्या मानापायी, असं मल्हार बोलून गेला. त्यावर बाळासो आणि आप्पासो दोघेही एकदम भडकले. दोघांचं एकमत झाल्याचा प्रसंग गावाने पहिल्यांदा बघितला.

“बरं, बिघाड हाय म्हणतूस न्हवं,” बाळासो म्हणाले, “मग कर की नीट. कुणी धरलंय?”

एका मशिनीने दुसरीच्या घड्याळावर चाललं की झालं, आत्ता करतो, असं मल्हार म्हणाला. पुढचा प्रश्न दोन्हीकडून एकदमच आला. कुणाच्या? मग जे व्हायचं ते झालं. साताऱ्याच्या मशिनीची कुळी, सांगलीच्या मशिनीची उंची, पुढचा खांदा, दिवटी, आजोबांच्या काळात कुणी कुणाचा ढोल फोडला, सगळं निघालं. शेवटी दोन्ही पुढाऱ्यांनी समजूतदारपणा दाखवून जाहीर केलं की आहे ते आहे तसंच राहू द्यावं. एका मशिनीने दुसरीच्या मागे चालण्यापेक्षा सुलाबाई चोर असणं गावाला परवडत होतं. ती खांबापाशी बसून हे ऐकत होती.

मल्हारचं डोकं फिरलं. “मी हात वर करतो, तवा टक व्हईल. बगा,” असं म्हणून त्याने हात वर केला. टक झाली. थोडा वेळ गेला, त्याने पुन्हा हात वर केला. पुन्हा टक. तिसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदाही झाली. आता तरी लोकांना कळलं असेल म्हणून त्याने मोठ्या आशेने समोर बघितलं.

लोकांना कळलं होतंच. ज्ञानू गुरव भंडाऱ्याची वाटी घेऊन पुढे आला आणि त्याने मल्हारचं कपाळ माखून टाकलं. मल्हारच्या अंगात आलं होतं, देव त्याच्या हाताने बोलत होता. बायका पाया पडू लागल्या. बाळासोंनी खांद्यावरचं उपरणं त्याच्या पायांवर घातलं आणि आप्पासोंनी, ज्यांना बिघाड कशाचा हे गावात सगळ्यांत चांगलं समजलं होतं, त्यांनीही हात जोडून विचारलं की देवा, घोडा सुलाबाईनं नेला का, तेवढं सांगावं.

मल्हारने तोंड उघडलं. हे सगळं खोटं आहे, असं पुन्हा सांगता आलं असतं. पण सरळ वाट दिसत असताना त्याला शेजारची पायवाट दिसली. टक होऊन गेली की तंबाखू मळून होईपर्यंत दुसरी होत नाही. तेवढ्यात आईने आण घेतली की ती सुटली. कुणाचं नुकसान नाही. त्याने घोगरा आवाज काढून सांगितलं की सुलाबाईने पुन्हा आण घ्यावी. अंगात आल्यासारखं बोलणं इतकं सोपं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

आईच्या हातात माइक देताना तो तिच्या कानाशी लागला. “म्या हात खाली केला की बोल, आये. तवा टक व्हत न्हाई.”

सुलाबाईने माइक घेतला. टक झाली. मल्हारने हात खाली केला.

ती बोलली नाही. तिने मंडपभर नजर फिरवली. अर्जुना मागच्या भिंतीला टेकून बसला होता, त्या वेळीही त्याचे डोळे तांबारलेले होते. मल्हारने पुन्हा हात खाली करून दाखवला. मग मानेने खुणावलं, मग डोळ्यांनी विनवलं. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. वेळ संपत आला. आता बोलली तर सापडेल, म्हणून मल्हारने घाईघाईने तळवा उभा करून तिला थांब म्हटलं. ती बहुधा त्याचीच वाट बघत होती.

“ह्यो मल्हार माझ्या पोटचा ल्योक हाय,” ती म्हणाली. “बिरोबाची आण.”

टक.

म्हातारी शालूबाई, जिने घोंगडेवाडीतली निम्मी पोरं आपल्या हातावर घेतली, ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि म्हणाली, “आगं, ह्याची नाळ म्या कापलीया की.” त्यावर कोण आधी हसलं ते माहीत नाही, पण हसू मागून पुढे येत गेलं आणि हसता हसता हळूहळू थांबलं. कारण टक खरी धरावी तर शालूबाई खोटी, आणि शालूबाई खोटी धरली तर मंडपातल्या निम्म्या लोकांच्या जन्माचा प्रश्न येत होता. आप्पासोंनी घसा साफ केला आणि मशिनी बंद करायला सांगितलं. बाळासोंनी विरोध केला नाही. ज्ञानूने कुठूनसा खराटा आणून सुलाबाईपुढे धरला. तिने तो घेतला नाही.

“माझ्यावरचा आळ खोटा, तसा त्या अर्जुनावरचाबी खोटा,” ती बंद माइकमध्येच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “तेवढं जतला जाऊन सांगा कुणीतरी. त्याच्या आयला तिथं उभं करून टक काढायला लावू नका.”

जतला कुणी जायचं, वरच्या आळीने की खालच्या, यावर अजून विचार चालू आहे. मशिनी आता देवाच्या दोन बाजूंना कापड घालून ठेवल्यात आणि दसऱ्याला त्यांची पूजा होते, दोघींची एकदम. कौल पुन्हा पाकळ्यांवर आला आहे.

सुलाबाई मंडपातून निघाली तेव्हा वाट सोडायला माणसं आपण होऊन बाजूला झाली. पाणवठ्यावरच्या दोघीतिघी तिच्याशी बोलायला पुढेही आल्या. ती कुणाशी भांडली नाही, थांबलीही नाही. मल्हार कपाळावरचा भंडारा पुसत तिच्या मागे धावला आणि उतारावर त्याने तिला गाठलं. त्याला वाटलं होतं तिचं नाव धुतलं गेलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. ती सरळ चालत राहिली तसा त्याचा धीर सुटला.

“आये,” तो म्हणाला, “तू मला ल्योक म्हणालीस तवाची टक मशिनीची हाय. खोटी हाय. तुला तर ठाव हाय.”

“व्हय की. सगळ्याच खोट्या,” सुलाबाई म्हणाली. घर दिसायला लागलं तशी ती थांबली, पण तिने मागे वळून बघितलं नाही. “ह्यी येवढी एक मातर मला खरी वाटली.”